भिरंडांचे चार मोसम

आमच्याकडे भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकायला लागतात एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. मे संपत येतो तसा झाडाखाली लाल सडा पडतो, आणि ५ जूनच्या आसपास पाऊस दारात येऊन उभा राहतो. मधले सहा-सात आठवडे, तेवढाच माझ्या प्रयोगाचा काळ. वर्षाचे उरलेले महिने मी वाचायचे, लिहायचे, उपकरणं दुरुस्त करायचे आणि कॉलेजात शिकवायचे. मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधली माझी पीएचडी २०१८च्या जुलैत सुरू झाली आणि २०२४च्या मार्चमध्ये संपली. मी मात्र ती वर्षांत मोजत नाही. २०१९, २०२०, २०२१, २०२२ असे भिरंडांचे चार मोसम, अशी मोजते.

मी इंजिनिअर झाले तेव्हा गोव्यात या विषयात संशोधन करायचं म्हणजे बहुतेकांना बाहेरचीच वाट धरावी लागे. १९६७ साली सुरू झालेलं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय फर्मागुडीच्या पठारावर होतंच, पण झुआरीनगरला बिट्सचा कॅम्पस आला २००४ साली, एनआयटी २०१० साली आणि आयआयटी २०१६ साली. माझ्या वर्गातले जे पुढे शिकले ते मुंबईला नाहीतर सुरतकलला गेले. मी राहिले. एम. ई. केलं, नोकरी लागली, लग्न झालं. पुढे बढतीसाठी पीएचडी लागते म्हणून नाव नोंदवलं, हे खरं आहे आणि ते लपवावं असं मला कधी वाटलं नाही. तेव्हा मी ३७ वर्षांची होते आणि मुलगा दोन वर्षांचा. नोकरी सांभाळून करणार होते, म्हणून कॉलेजचं ना हरकत पत्र जोडून अर्धवेळ नोंदणी केली.

आधी माझ्या डोक्यात नॅनोफ्लुइड, म्हणजे अतिसूक्ष्म कण मिसळलेला द्रव, होतं. तेव्हा ज्याला त्याला तेच करायचं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "उपकरण बिघडलं तर तू स्वतः उघडून दुरुस्त करशील असं काय आहे तुझ्याकडे?" मी गप्प बसले. मग ते म्हणाले, "घरी सोलं कोण करतं?"

सोलं, म्हणजे आमसुलं, आमची काकी करते. माझं माहेर सावईवेऱ्याचं; घराला लागून कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, आणि तिच्या कडेला भिरंडांची जुनी झाडं. काकी दर मोसमात भिरंडं फोडून बिया वेगळ्या करते, साली मीठ घातलेल्या भिरंडांच्याच रसात घालते, अंगणात चटईवर वाळवते, पुन्हा रसात घालते, पुन्हा वाळवते. अशा एकेका फेरीला आम्ही पूट म्हणतो. चार-पाच पुटं बसली की सोल काळंभोर होतं. बियांचं भिरंडेल निघतं, पावसात टाचा फुटल्या की तेच लावायचं. आणि दरवर्षी मे महिन्यात एखादी अवकाळी सर येते आणि निदान एका चटईवरच्या साली बुरशीला जातात. काकी त्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन टाकते आणि त्या दिवशी कुणाशी फारसं बोलत नाही. लहानपणापासून मी हे बघत आले होते. सरांनी विचारलं तेव्हा कुठे ते मला प्रश्न म्हणून दिसलं.

पहिलं वर्ष कोर्सवर्कमध्ये गेलं. रिसर्च मेथडॉलॉजी, ॲडव्हान्स्ड हीट ट्रान्स्फर, परीक्षा, दर सहा महिन्यांनी समितीपुढे प्रगती. पहिल्याच सादरीकरणात समितीतले एक सदस्य म्हणाले, हा विषय शेतकी महाविद्यालयाचा आहे. मला फार लागलं. पण घरी येऊन मी वहीत एक हिशोब मांडला. १० किलो ओल्या सालींत ८ किलो पाणी. सोल टिकायचं तर त्यातलं साडेसात किलो काढून टाकायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे १० किलो सालींना पाच युनिट वीज, तीही एक कणही वाया गेला नाही तर. एवढी उष्णता उन्हातून घ्यायची, हवेला द्यायची, हवेतून सालीला, आणि सालीच्या आतलं पाणी पृष्ठभागावर आणायचं. हे मेकॅनिकल नाही तर काय? पुढच्या सादरीकरणाची सुरुवात मी याच हिशोबाने केली. तो प्रश्न पुन्हा निघाला नाही.

सोलं वाळवायचा उन्हावरचा ड्रायर आम्ही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बांधला. ऊन झेलून हवा तापवणारा २ चौरस मीटरचा कलेक्टर, वर ४ मिलिमीटरची साधी काच, खाली काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, मागच्या टोकाला पंखा, पुढच्या टोकाला ट्रे ठेवायचं कपाट. मे महिन्यात आमच्याकडे हवेत ७० टक्के आर्द्रता सहज असते. ती हवा ३३ अंशांवरून ५० अंशांवर नेली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण आर्द्रता २८-२९ टक्क्यांवर येते. हवेची भूक वाढते, एवढंच. ६० अंशांच्या वर मात्र जायचं नाही, नाहीतर सालीतला लाल रंग, अँथोसायनिन, करपतो.

संध्याकाळनंतरही थोडी ऊब राहावी म्हणून पत्र्याखाली नळ्यांमध्ये पॅराफिन मेण भरायचं ठरलं होतं. मेण ५८-६० अंशांना वितळतं, तेव्हा उष्णता पोटात घेतं आणि थिजताना परत देतं. मी वितळलेल्या मेणाचा हिशोब न करता थंड मेणाच्या घनतेवर नळ्या काठोकाठ भरल्या. दुसऱ्याच दुपारी झाकणांतून मेण पाझरू लागलं. वर्कशॉपमधले मेस्त्री बघायला आले आणि म्हणाले, "मॅडम, कढवलेलं तूप थिजलं की बरणीत मध्ये खळगा पडतो, तो बघितला नाही कधी?" वितळताना मेण दहा-पंधरा टक्के फुगतं. आकडा मी वाचलेला होता. खळगाही जन्मभर बघितला होता. दोन्हींची गाठ त्यांनी घालून दिली. नळ्या रिकाम्या केल्या, पाचवा हिस्सा मोकळा ठेवून पुन्हा भरल्या.

२०१९चा मोसम मग जोरात गेला. कॉलेजच्या गच्चीवर एप्रिल-मेची दुपार म्हणजे पायाखालची फरशी सँडलमधून भाजायची. दर तासाला ट्रे काढायचा, वजन करायचं, परत ठेवायचा. डिसेंबरमध्ये एका परिषदेत मी निबंध वाचला. कलेक्टरची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या उन्हातलं किती हवेच्या उष्णतेत उतरलं, ८२ टक्के. टाळ्या पडल्या, सारांश छापून आला.

फेब्रुवारी २०२०मध्ये जर्नलसाठी तोच निबंध वाढवून लिहीत होते. सरांनी मसुदा वाचला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "४ मिलिमीटर काचेतून ऊन किती आत येतं?"

"८५ टक्के."

"त्यातलं काळा पत्रा किती घेतो?"

"९३, फार तर."

"मग गुणाकार कर."

७९. मी लिहिलं होतं ८२. म्हणजे माझ्या पेटीतून कणभरही उष्णता बाहेर गेली नाही असं धरलं, तरी जितकं ऊन पत्र्याने घेतलं त्याहून जास्त उष्णता मी हवेत दाखवत होते. मी पुन्हा हिशोब केला. सेकंदाला ५० ग्रॅम हवा, २६ अंशांची वाढ, म्हणजे सुमारे १३०० वॅट. काचेवर ऊन चौरस मीटरला ८०० वॅट, २ चौरस मीटरला १६००. गणित बरोबर होतं. चूक आकड्यांच्या आधी कुठेतरी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच गच्चीवर गेले. पंखा चालू केला, आकडे नोंदवणारा लॉगर लावला, तासभर थांबले. कलेक्टरच्या तोंडाशी हवेचं तापमान दिसत होतं ५८.४. तिथला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, काचेच्या अगदी खाली होता. त्याच्या टोकाचा मणी मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, जोडताना डाग देताना काळवंडलेला. हातात हजेरीपुस्तक होतं. मी ते काचेवर अशा बेताने धरलं की सावली फक्त त्या मण्यावर पडेल. बाकी सगळा कलेक्टर उन्हातच होता, हवा तीच होती. आकडा उतरू लागला. ५७. ५५. ५३. मिनिटभरात ५१.६ वर येऊन थांबला. पुस्तक काढलं, तो पुन्हा चढला. पुन्हा धरलं, पुन्हा उतरला. असं मी सात-आठ वेळा केलं असेल. हात भरून आला तरी थांबवेना.

मणी हवेचं तापमान सांगत नव्हता. काचेतून आलेलं ऊन तो स्वतःच पीत होता आणि स्वतःचंच तापमान सांगत होता. सावलीतला आकडा धरून हिशोब केला तर वाढ १९ अंशांची आणि कार्यक्षमता ६० टक्के. ६० टक्के वाईट नाही, चांगलीच आहे. पण अख्खा २०१९चा मोसम त्या उघड्या मण्याने मोजलेला होता, आणि कुठल्या क्षणी ऊन किती, वारा किती, त्यानुसार चूकही बदलणार. एक ठरावीक आकडा वजा करून तो मोसम सुधारता येण्यासारखा नव्हता.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, सोडून देते. तो म्हणाला, सोडायचं तर सोड, पण छापून आलंय त्याचं काय? मला त्याचा राग आला. बोलला ते खरं होतं म्हणूनच आला. सकाळी मी परिषदेच्या आयोजकांना पत्र लिहिलं: माझ्या निबंधातला कार्यक्षमतेचा आकडा चुकीचा आहे, कारण हे, कृपया तो ग्राह्य धरू नये. पाठवण्याआधी सरांना दाखवलं. त्यांनी एक स्वल्पविराम टाकला आणि म्हणाले, पाठव. पुढच्या मोसमासाठी स्टीलच्या बारीक नळ्यांचे तुकडे कापले, वर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलं, थर्मोकपल त्यांच्या आत सरकवले. सावलीचा प्रयोग पुन्हा केला. आकडा हलला नाही. एप्रिलची वाट बघत बसले.

२२ मार्च २०२०, जनता कर्फ्यूचा रविवार. मी मुलाला घेऊन शनिवारीच माहेरी गेले होते, सोमवारी परत यायचं म्हणून. मग टाळेबंदी लागली आणि तिथेच अडकले. नवरा औषधाच्या कारखान्यात, त्याला सुट्टी नव्हती. तो फोंड्याला, आम्ही सावईवेऱ्याला. ड्रायर कॉलेजच्या गच्चीवर, आणि कॉलेजला कुलूप. एप्रिल उजाडला, भिरंडं लाल होऊ लागली. माझ्याजवळ काय होतं? काकीचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, भिंतीवरचं तापमान-आर्द्रतेचं घड्याळ, आणि वही.

ठरवलं, यंदा काकीच्याच पद्धतीचं मोजमाप करायचं. तुलनेसाठी उघड्या उन्हातली वाळवण लागणारच होती, तिचं एक छोटं प्रकरण. ते तरी होईल. एका सुपात १०० ग्रॅम साली वेगळ्या ठेवल्या आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा दर तासाला तोलत गेले. पहिली नवलाई रात्रीची. संध्याकाळी ६४ ग्रॅम भरलेल्या साली सकाळी ६७ भरायच्या. रात्रीची दमट हवा त्या परत पीत होत्या. आलेख काढला तर उतरण सरळ नव्हती, करवतीला असतात तसे दात होते. पॅराफिनची नळी नेमकी कशासाठी लागते हे मी निबंधांत अनेकदा वाचलं होतं. ते तीन ग्रॅम बघितल्यावर खात्री पटली.

पण खरा पेच पाचव्या पुटानंतर पडला. काकी रोज दुपारी सुपाशी उकिडवी बसायची. एक सोल उचलायचं, मधोमध दुमडायचं, अंगठ्याने दाबायचं. मोडलं तर जास्त सुकलं. दुमडून सोडल्यावर सावकाश उलगडलं आणि अंगठ्याला लाल डाग लागला नाही, तर झालं. डाग लागला की, "आजून सुकूंक नात गो." त्या दिवशी तिने तीन-चार सोलं दुमडली, अंगठा पदराला पुसून बघितला आणि म्हणाली, भरून ठेव. मी काटा बघितला, ३१ ग्रॅम. १०० ग्रॅम ओल्या सालीत २० ग्रॅम कोरडं वस्तुमान. म्हणजे ३१ पैकी ११ ग्रॅम पाणी, ३५ टक्के. एवढ्या पाण्याचं सोल बरणीत भरलं तर महिन्याभरात बुरशी यायला हवी.

मी म्हटलं, काकी, अजून ओलं आहे. ती म्हणाली, पन्नास वर्षं करते आहे मी.

मला वाटलं, चूक तिच्या अंगठ्याची. आपल्याकडे आकडा आहे ना. पण फेब्रुवारीतल्या ८२ टक्क्यांची आठवण ताजी होती, म्हणून वहीत मी दोन्ही लिहून ठेवलं: 'हिशोबाने ३५ टक्के, काकीच्या मते सुकलं.' आणि ती ३१ ग्रॅम सोलं काचेच्या बरणीत भरून झाकणाच्या कडेने मेणबत्तीचं मेण ओतलं. पुढच्या प्रत्येक खेपेचं असंच. मे अखेर नऊ बरण्या झाल्या.

त्यातला एकही नमुना पुढच्या दोन महिन्यांत बुरसला नाही. प्रयोगशाळा उघडल्यावर मी त्या व्हॅक्युम ओव्हनमध्ये ७० अंशांवर ठेवल्या. कोकमासारख्या साखर आणि आम्ल असलेल्या फळाला साध्या ओव्हनचे १०५ अंश देऊ नयेत, पाण्याबरोबर दुसरंही काही उडून जातं. पहिल्या बरणीचं उत्तर आलं: ३१ ग्रॅममध्ये कोरडं वस्तुमान २५ ग्रॅम आणि वर थोडं. २० नव्हे. म्हणजे पाणी १८ टक्क्यांच्या आसपास. काकीचा अंगठा बरोबर होता.

ते पाच-साडेपाच ग्रॅम आले कुठून, हे कळायला मला प्रयोगशाळेतल्या स्टुलावर फार तर पाच मिनिटं लागली. पुटांतून! दर पुटाला साल मीठ पिते, रसातली साखर आणि आम्ल पिते. वाळवणीची जी समीकरणं आम्ही शिकवतो, लुईसचं असो की पेजचं, ती सगळी एका गृहीतकावर उभी आहेत: वाळताना फक्त पाणी जातं, कोरडं वस्तुमान जसंच्या तसं राहतं. द्राक्षाला, मिरचीला ते लागू आहे. सोलांना नाही. सोल सुकताना वाढतंही. मी वाचलेल्या निबंधांत एकतर पूट न दिलेल्या साली होत्या, नाहीतर पुटं दिलेली असूनही हिशोब सुरुवातीच्या वस्तुमानावरच केलेला होता. घरी जाताना बसमध्ये मी तिकिटाच्या मागे लिहिलं, 'दर पुटाला नवा शून्य.' प्रत्येक पूट ही स्वतंत्र वाळवण धरायची, दर वेळी कोरडं वस्तुमान नव्याने मोजायचं, आणि मगच वक्र जुळवायचा. माझ्या प्रबंधाचा कणा तो आहे. तोवर माझ्याकडे एक ड्रायर होता. त्या दिवशी प्रश्न मिळाला.

२०२१च्या मार्चमध्ये पिकअपमध्ये घालून ड्रायर काकीच्या अंगणातच नेला, पुन्हा कुलपाआड अडकायला नको म्हणून. बारा खेपा ठरवल्या होत्या. पाच झाल्या. १५ मेच्या रात्री तौक्ते वादळाचा वारा सुरू झाला आणि १६ तारखेला फणसाची एक फांदी थेट कलेक्टरवर आली. काच फुटली, पत्रा वाकला, मेणाच्या दोन नळ्या दबल्या. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. कुळागरात पोफळी काडीसारख्या मोडून पडल्या होत्या. काकाच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर माझ्या काचेबद्दल तोंडून शब्द काढवला नाही. त्या मोसमाबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

२०२२ सरळ गेला. चौदा खेपा, झाकलेले थर्मोकपल, दर पुटाआधी आणि पुटानंतर ओव्हनचा नमुना. पण एक गोष्ट सरांनी आवर्जून करायला लावली. 'सुकलं' हे काकी ठरवते, मग काकी हे माझं एक उपकरण झालं, आणि उपकरणाची चाचणी झाल्याशिवाय त्याचं माप प्रबंधात येणार नाही. मला सुरुवातीला ते काकीला सांगायलाच संकोच वाटला. शेवटी वेगवेगळ्या टप्प्यांवरची तीस सोलं वेगवेगळ्या डब्यांत बंद केली, डब्यांच्या तळाला आकडे लिहिले. काकीने एकेक उचलून दुमडलं, दाबलं, 'झालं' किंवा 'नाही' सांगितलं. दुसऱ्या दिवशी डब्यांची जागा बदलून तीच तीस पुन्हा. सत्तावीस वेळा तिचं उत्तर तेच आलं. जी तीन बदलली ती ओव्हनमध्ये अगदी काठावरची निघाली. काकीला मी हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "ती तीन कुठली? दाखव." आणि ती पुन्हा दुमडून बघत बसली.

लिहायला एक वर्ष लागलं. दिवसा तास, प्रॅक्टिकलं, मुलांचे प्रोजेक्ट. रात्री दहानंतर प्रबंध. त्रुटींचं विश्लेषण क्लाइन आणि मॅक्लिंटॉक यांच्या १९५३च्या पद्धतीने केलं, आणि ते प्रकरण मी चार वेळा नव्याने लिहिलं, कारण आता प्रत्येक आकड्यामागे मला तो काळवंडलेला मणी दिसायचा. पैसे भरा, पंधरा दिवसांत छापतो, अशा जर्नलांच्या ईमेल रोज यायच्या. आमच्या नियमांत प्रबंधाआधी जर्नलमध्ये एक निबंध छापून यावा लागे, आणि मुदत जवळ येत होती. मोह झालाच नाही असं म्हणणार नाही. दोन ठिकाणी निबंध परत आला. तिसऱ्या ठिकाणी परीक्षकाचा पहिलाच प्रश्न होता, थर्मोकपलला उन्हापासून आडोसा होता का? ते वाचून मी खुर्चीतून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं नीट कोण देऊ शकलं असतं?

जून २०२३मध्ये प्रबंध दिला. साम्याचा अहवाल, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणारा भाग, १० टक्क्यांच्या आत. मग वाट बघणं. एका परीक्षकाचा अहवाल यायला महिनेच्या महिने गेले. या काळात आपण काहीच करू शकत नाही. सहा वर्षांत सगळ्यात अंगावर आला तो हा काळ, वादळापेक्षाही.

व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, मार्चमध्ये झाली. ती खुली असते, कुणालाही बसता येतं. काकी नऊवारी नेसून शेवटच्या रांगेत, शेजारी माझा मुलगा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी पिशवीतून २०१९च्या परिषदेचं पुस्तक काढलं. पान उघडून विचारलं, "इथे ८२ आहे. प्रबंधात ६०. कुठलं खरं?"

मी म्हटलं, "६०, सर. ८२ माझी चूक. परिशिष्ट तीनमध्ये त्या मोसमाचे सगळे आकडे आहेत, आणि ते का वापरले नाहीत तेही." मग फळ्यावर काच, पत्रा आणि मणी काढून दाखवला, हजेरीपुस्तकाची सावलीही. त्यांनी परिशिष्ट उघडलं, बराच वेळ वाचलं. मग काकीच्या तीस सोलांबद्दल विचारलं: डबे बंद होते का, तिला आकडे दिसत होते का, दोन्ही दिवशी आर्द्रता किती होती. शेवटचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. सुदैवाने वहीत नोंद होती, ६८ आणि ७१. ते मान डोलवून म्हणाले, पुढे कुणी हे केलं तर निदान तीन माणसांकडून करा. बरोबर होतं त्यांचं. ते राहिलंच आहे.

निकाल वाचून दाखवला तेव्हा सर उभे राहिले. काकीला सगळं इंग्रजी समजलं नव्हतं, पण परीक्षक 'थंब टेस्ट' म्हणाले तेव्हा तिने स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं, हे मला पुढून दिसलं.

परतताना ती गाडीत थोडा वेळ गप्प होती. बाणस्तारीचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "पेटीची काच मागच्या पावसात तडकली ती तशीच आहे. भिरंडं पंधरा दिवसांवर आली." आम्ही फोंड्यात थांबलो. बाजारातल्या काचवाल्याकडे मी मापं दिली, त्याने विचारलं किती जाडीची. चार मिलिमीटर, मी म्हटलं, आणि कडा नीट घासून द्या. काकीने मागच्या सीटवर काच ठेवायला आपली शाल अंथरली.